बारा तारीख दिली, अठरा गेली

१ सप्टें., सोम.
यादी आली. नाव आहे. बारा तारीख, शुक्रवार, संध्याकाळी सात. नात तनूनं मोबाइलवर बोटानं मोठं करून दाखवलं. नुसतं सुमनबाई नाही, पूर्ण नाव, मधात ह्यांचं नाव, शेवटी आडनाव. तीनदा वाचलं. मीच वाचलं, तिनं नाही.

चाळीस वर्षं झाली मले ह्या हिंदी मुलखात, गुढियारीच्या आमच्या बुद्धविहारात. पावसाळ्यात वर्षावास लागला का रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन, एका दिवशी एक वाचक. मी दरवर्षी सतरंजीवर, खांबाजवळ, ऐकणाऱ्यांत. यंदा मी चौरंगामागं बसणार अन् बाकीचे ऐकणार! ह्या आनंदात भाजी करपली. माझी सून माया चांगली आहे. करपलेली तिनंच वाढून घेतली.

४ सप्टें.
सराव. तनू कॉलेजातून आली का चहा, मग पानं. मी मराठीत विचारते, नात हिंदीत सांगते, मधात ग्रंथ. दुसरी शिकलेली मी. अक्षरं येत होती, पण जोडाक्षर आलं का गाडी फाटकावर उभी. मागच्या दिवाळीपासून ही पोट्टी मले घेऊन बसून राहिली. कधी चिडली नाही. नाही, एकदा चिडली. 'दुःख' मधले दोन ठिपके मी सोडून देत होती. "आजी, वो डॉट्स छोड़ दोगे तो दुख कम नहीं हो जाएगा." किती हसलो दोघी.

शेजारच्या देवांगन बाई तीजाची ठेठरी, बेसनाची तळलेली, घेऊन आल्या, अभनपूरले माहेरी गेल्या होत्या तिथली. दगडासारखी झाली, पण चव आहे. दातच किती उरले म्हणा माझे. मी वाचून राहिली तं दारातच थांबल्या. "का पढ़त हस दाई?" म्हटलं बसा, ऐका. बसल्या. अर्धं त्याईले कळलं नसन, पण "हव, हव" करत राहिल्या. शेवटी हात जोडले. माझी पहिली ऐकणारी.

८ सप्टें.
शीलाबाई (पुढं नुसतं शी. लिहीन, हात दुखते) विहाराच्या पायरीवर चपला शोधता शोधता म्हणे, "सुमनबाई, माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख अठरा आली. अन् अठरालेच माझं वाचन. तुमची बारा मले देता का? तुम्ही माझी अठरा घ्या."
म्हटलं घ्या नं.
झालं. आम्हा बायांच्या पाळ्या अशाच बदलतात, झाडायची असो का खीर करायची. पायरीवर बोलणं झालं का झालं. कागद कोण करते.

घरी आल्यावर थोडं वाईट वाटलं. बाराचं पान तोंडपाठ झालतं. आता अठराचं नवीन. पण शी.चा मोतीबिंदू पिकला, बाई ग्रंथ नाकाले लावून वाचते. ऑपरेशन झाल्यावर कुठून वाचणार. तिची गरज मोठी.

१२ सप्टें., शुक्र.
शी.नं वाचलं. आवाज तिचा पहिल्यापासूनच चांगला. माझं पान तिच्या तोंडून ऐकलं, ओठ माझे हलून राहिले होते. सहा-सातच लोक आज. सेक्रेटरी रामटेके भाऊ पण नव्हते, नागपूरले कोणाच्या साक्षगंधाले गेले.

१५ सप्टें.
अठराचं पान अवघड आहे. एक शब्द तं पूर्ण ओळ खाते. तनूनं माझा आवाज मोबाइलात भरला अन् मले ऐकवला. म्हटलं ही कोण म्हातारी? "आप ही हो." विश्वासच बसेना. मी आतून वेगळी ऐकू येते.
पांढरं लुगडं धुतलं, नीळ दिली. मायानं इस्त्री करून ठेवलं, न सांगता. अशी सून मिळणं नशीबच म्हणा.

१७ सप्टें.
शी.चा पोरगा ड्युटीवर, सुट्टी नाही. सुनेच्या कडेवर लेकरू. शी. म्हणे, "डोळ्यात सुई घालतील का हो?" म्हटलं मी येते संगं. समता कॉलनीत दवाखाना, सकाळी दहाचं ऑपरेशन, दुपारी घरी. सातले विहार. सगळं बसते.

१९ सप्टें., शुक्र.
काल लिहिलं नाही. काल माझी पाळी होती अन् मी नव्हती.

दहाचं ऑपरेशन तीनले झालं. आमच्या आधी एक गाडीभर पेशंट आले होते. मग थेंब, मग थांबा, मग परत थेंब. शी. माझा पदर सोडे ना. सहाले निघालो तं अंडरब्रिजात पाणी. ई-रिक्षावाला म्हणे फिरून नेतो दाई, अन् फिरून गेला तिथं ट्रकांची रांग. तिले घरी सोडून विहारात पोचली तं सव्वाआठ. मेणबत्त्या विझलेल्या. रामटेके भाऊ ग्रंथ कपड्यात बांधून राहिले होते. तीस लोक अर्धा तास बसून होते म्हणे, चौरंगावर ग्रंथ उघडा अन् मागं कोणी नाही. मग भाऊंनीच वाचलं, खोकत खोकत. दमा आहे त्याईले.

मी दारातूनच परत आली. काही बोलली नाही. काहून नाही बोलली, मलेच माहीत नाही.

फोन पर्समध्येच होता. दिवसभर.

२० सप्टें.
ग्रुपवर यादी पुन्हा आली. भाऊंनी नावापुढं खुणा केल्या. बारा, सुमन, हिरवी टिक. अठरा, शीला, लाल फुली, अन् फुलीपुढं इंग्रजीत एक शब्द. तनूनं वाचला, फॉरफीट. खाली नियम: न कळवता जो पाळी चुकवेल त्याची पाळी फॉरफीट, यंदाची अन् पुढच्या वर्षीचीही. नियम पहिल्या यादीखालीही होता म्हणे. मी नाव तेवढं पाहिलं होतं.

म्हणजे त्याईले अदलाबदल माहीतच नाही. आम्ही सांगतलीच नाही. पायरीवरचं बोलणं पायरीवरच राहिलं. भाऊंनी नागपूरहून येऊन विचारलं असन, बाराले वाचन झालं का, कोणी म्हटलं असन झालं. दिली टिक.

टिक माझी, न वाचता. फुली शी.ची, वाचून.

२१ सप्टें., रवि.
फॉरफीट म्हणजे काय ते तनूनं मोबाइलात शोधलं. हिंदीत आलं, ज़ब्त. म्हटलं जप्ती मले माहीत आहे, माणसं येतात, सामान उचलतात. इथं तं कोणी आलं नाही.
"आजी, इसमें कोई लेने नहीं आता. हक़ अपना ही था, अपनी ही गलती से हाथ से निकल गया. वो है फॉरफीट."
"कोणी हिसकून नेलं तं?"
"तो नहीं."
"मी खुशीनं देऊन टाकलं तं?"
"तो भी नहीं. वो तो देना हुआ ना."

मास्तरीण झाली पोट्टी. म्हटलं थांब, मले वापरून पाहू दे. तुझ्या आजोबानं तंबाखू फॉरफीट केली. "नहीं आजी! छोड़ी." मायानं आज मालिका फॉरफीट केली, लाइन गेली म्हणून. "लाइट गई तो मम्मी की क्या गलती?" स्वयंपाकघरातून माया, "आई, मले काहून मधात घेता!" मी एकेक वाक्य करायचं अन् तनूनं कापायचं. दहा केली, एकही पास नाही. पोट दुखलं हसून.

मग मी म्हटलं, शाळा. मी शाळा फॉरफीट केली, दुसरीनंतर.
तिनं मोबाइल खाली ठेवला. मग म्हणे, "आपने छोड़ी थी?"
म्हटलं नाही, आई शेतात जाये, लहान भाऊ सांभाळाले कोण? बाबा म्हणे आता घरी राह्य.
"तो इसमें आपकी क्या गलती थी?"
विचार केला. सात वर्षांची होती मी. म्हटलं, काही नाही.
"तो वो वर्ड यहाँ नहीं लगेगा, आजी."

साठ वर्षं वर झाली, मी हेच धरून होती का मीच काहीतरी केलं असन. मन नसन लावलं. डोकं नसन. एवढ्याशा पोट्टीनं एका शब्दात माझ्यावरून काढून टाकलं, अन् लगेच म्हणे, आजी, भूख लगी है. धिरडी केली तिले. तीन खाल्ली. आणखी मागितली असती तरी केली असती.

२३ सप्टें.
शी.कडं गेली. काळा चष्मा लावून पलंगावर बसलेली. शब्दाचा अर्थ सुनेनं सांगतला होता तिले. विहार पत्र्याचा होता तेव्हापासून वाचते ती, एक पाळी चुकली नाही कधी. चष्म्याकडं हात गेला तशी सून ओरडली, "मम्मी, रोना नहीं है! डॉक्टर ने मना किया है!" आता रडायचीही सोय नाही बाईले. टॉवेल तोंडाले लावून बसली.

म्हटलं, "तुम्ही भाऊले सांगतलं काहून नाही, तारीख बदलली होती म्हणून?"
म्हणे, "सांगतलं तं तुमच्या नावावर येईल नं. तुम्ही माझ्याच उशाशी बसल्या होत्या."

चहा घेतला. साखर जास्त होती, तिच्याकडं नेहमीच जास्त असते. आज गोडच लागला.

२५ सप्टें.
माया म्हणते, "राहू द्या आई. शीलाबाई स्वतः काही म्हणत नाहीत. पुढच्या वर्षी तुमचं नाव येईल, तेव्हा वाचा."
तिचं मायेपोटीच आहे. अन् खरं आहे. चूप राहिली तं टिक माझीच, पुढचं वर्षही माझंच. बोलली तं फुली माझी, अन् पुढच्या वर्षीही पुन्हा खांबाजवळ. एकोणसत्तर चालू आहे. दोन वर्षांनी डोळे कसे, आवाज कसा, पाय विहारापर्यंत नेतील का...

अन् चूप राहिली तं पुढच्या वर्षी शी. घरी बसन, नवीन डोळा घेऊन.

अठराचं पान वाचलं, एकटीनं. एकाही जागी अडली नाही. कोणी ऐकत नसलं का किती चांगलं येते.

२६ सप्टें.
तनूले विचारलं, माझ्या बारा तारखेले कोणता शब्द?
"वो तो आपने दी."
अन् अठराले?
"आजी, आप तो किसी की हेल्प कर रहे थे..."
म्हटलं ते ठीक. फोन पर्समध्ये होता. बोल.
"फॉरफीट." एकदम हळू म्हणे.
हे एक वाक्य पास झालं. मग गळ्यात पडली. जड झाली आता, झेपत नाही.

२८ सप्टें., रवि.
वंदना झाली, वाचन झालं. भाऊ म्हणे, कोणाले काही सांगायचं आहे का? मी उठली. गुडघा वाजला, सगळ्याईले ऐकू गेला. रविवार, पन्नास माणसं. शी. पण आलेली, काळा चष्मा.

म्हटलं, "बारा तारीख माझी होती. ती मी शीलाबाईले दिली, त्याईनं वाचलं. मग अठरा माझी झाली. ती मी फॉरफीट केली. फोन माझ्याजवळ होता, मी केला नाही. फुली माझी आहे, ती तिकडून काढा."

मागून कोणीतरी, "अवो सुमनबाई, इंग्लिश!" लोक हसले. मीही हसली.
शी. उठली, "भाऊ, ह्या माझ्याच संगं दवाखान्यात..."
म्हटलं, "बसा तुम्ही, डोळ्याले ताण येईल."
"बोलण्यानं डोळ्याले कायचा ताण येते!"
पुन्हा हसले सगळे.

भाऊ नाही हसले. चष्मा काढला, पुसला, लावला. तिथंच मोबाइलवर बदललं अन् फोन माझ्यापुढं धरला. बारा, शीला, हिरवी. अठरा, सुमन, लाल. म्हणे, "बराबर आहे?" मी वाचलं. म्हटलं, बराबर.

मग म्हणे, "वहिनी, मागच्या वर्षी किती दिवस असे गेले का वाचणाराच नाही. म्हणून लिहिला तो नियम. तुमच्यासाठी नाही लिहिला."
म्हटलं, "नियमाले काय माहीत भाऊ, कोणासाठी लिहिला ते."

बाया मागं लागल्या, सोडा हो, एवढं काय. भाऊ म्हणे, माझ्या एकट्याचं नाही, पाच तारखेले कमिटी बसन, वहिनी, लेखी द्या.

बाहेर पायरीवर शी.नं माझा हात धरला तो सोडेच ना. म्हटलं रडू नका. म्हणे, "नाही रडत. धरू तं द्या." बराच वेळ उभ्या होतो. लोकाईले चपला घ्याले जागा नव्हती.

३० सप्टें.
अर्ज लिहिला. जन्मातला पहिला. तनू म्हणे टाइप कर देती हूँ. नाही म्हटलं. दुपार गेली, तीन कागद फाडले, एकावर डाळ सांडली. चौथा जमला.

तनूनं वाचला. "आजी, सब लिखा, पर माँगा तो कुछ भी नहीं."
खरं आहे. काय झालं ते लिहिलं. तीस लोकांचा अर्धा तास गेला, भाऊंले दम्यात वाचावं लागलं, त्याचं वाईट वाटते लिहिलं. पाळी परत द्या असं नाही लिहिलं. म्हटलं, फॉरफीट झालेलं आपलं राहत नाही नं? मग मागायचं कोणत्या तोंडानं? द्यायचं असन तं ते देतील.
ती म्हणे, "आपको ये वर्ड मुझसे ज़्यादा आता है अब." खोटं बोलते. पण ऐकून बरं वाटलं, दोनदा म्हणाले लावलं.

३ ऑक्टो.
भाऊंले अर्ज दिला. उभ्यानंच वाचला. "हे तुम्ही लिहिलं?" म्हटलं हो. घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली, वरून हात ठेवला. खोकले. म्हटलं, अडुळसा घेत जा, मधासंगं. हो म्हणे.

५ ऑक्टो., रवि.
सहाले कमिटी. तनू म्हणते, चलो, बाहर खड़े रहते हैं. म्हटलं नाही, आपल्याले पाहून त्याईले अवघड होईल. शी. मात्र जाऊन बसली, दारापाशी. ती कोणाचं ऐकते.

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात. एवढ्या वर्षांत माझं कधी काही फॉरफीट झालं नाही. होणार कसं, माझ्या नावावर काही होतंच कुठं. शाळेचं दुसऱ्याईनं ठरवलं, लग्नाचं दुसऱ्याईनं, घर ह्यांच्या नावाचं. कोणाचा राग नाही. चांगलंच झालं सगळं, माणसं चांगली मिळाली. पण गेलं असं काही नव्हतं.
यंदा गेलं. म्हणजे होतं. एक गुरुवार, संध्याकाळी सात ते साडेसात, पूर्ण माझा होता.

सहा वाजून गेले. कमिटीचे पाचही जण बसले असतील. तनूनं मोबाइल माझ्या हातात देऊन ठेवला. काही आलं तं मीच वाचीन.